प्रवाहाचा स्वभाव

'वाहणे' हे क्रियापद आम्ही कला शाखेची मंडळी फार सढळपणे वापरतो. काळ वाहतो, वारा वाहतो, अश्रू वाहतात. पण जे वाहते ते कसे वाहते, हा प्रश्न आम्ही विज्ञान शाखेकडे ढकलून मोकळे होतो. मला मात्र तो घरातच भेटला, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाहणाऱ्या पदार्थाचे दोन स्वभाव असतात. पहिला दाटपणा, ग्रंथात त्याला श्यानता म्हणतात. वाहताना पदार्थाचा एक थर शेजारच्या थराला धरून ठेवतो, ती ही ओढ. पाणी ती लवकर सोडते, एरंडेल सोडत नाही. २० अंश सेल्सिअसला एरंडेलाची ही ओढ पाण्याच्या सुमारे हजारपट असते. उष्णतेने ती सैल होते. म्हणून पौषात बाटलीत अडून बसणारे तेल वैशाखात सरसर उतरते.

दुसरा स्वभाव दबण्याचा. वातावरणाच्या दाबाइतका जादा दाब दिला, तर हवेचे आकारमान निम्मे होते. पाण्याचे मात्र वीस हजारांत एका भागाइतकेच घटते. गंमत अशी की, दबणारी हवासुद्धा सावकाश वाहताना दबत नाही. आमच्या वडनेरवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर भरधाव ट्रकपुढची हवा जवळजवळ न दबता बाजूला सरते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे वेग गेला, की मगच हवेचे दबणे हिशेबात धरावे लागते.

याच महामार्गाच्या कडेला माझे बाबा एका गॅरेजमध्ये काम करतात. ते चौथीपर्यंत शिकले. जीपच्या ब्रेकची हवा काढताना एकजण पायडल दाबून धरतो आणि बाबा चाकाजवळचा निपल ढिला करतात. आधी बुडबुडे येतात, मग तेलाची अखंड धार. "हवा राह्यली त पायडलच दबते, गाडी नाई थांबत," असे ते सांगतात. पायाचा जोर चाकापर्यंत पोचायचा, तर मधले तेल न दबणारे हवे. बुडबुडा तो जोर वाटेतच गिळतो. कॉलेजात आलेली आमच्या घरातली मी पहिलीच. पण दबण्याचा धडा मला बाबांनी दिला.

दाटपणाचा धडा धाकट्या बहिणीने दिला. तिला सिकलसेल आहे. विदर्भातल्या पुष्कळ घरांना हा शब्द नवा नाही. प्राणवायू कमी पडला की तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात. निरोगी रक्तही पाण्याच्या तीन-चारपट दाट असते. हे रक्त आणखी दाटते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडते. मग हाडांत कळा उठतात आणि आई रात्ररात्र तिचे पाय शेकत बसते.

१८४० च्या सुमारास प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने काचेच्या बारीक नळ्यांतून द्रव सोडून मोजमापे घेतली. त्याचा नियम सांगतो की, दाटपणा दुप्पट झाला तर प्रवाह निम्मा होतो. पण नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाचा सोळावा हिस्साच उरतो. रक्ताला तो जसाच्या तसा लागू नाही, पण दिशा तीच. पाण्यावाचून रक्त दाटते, थंडीने वाहिन्या आवळतात. पाणी पीत राहा, थंडी लागू देऊ नका, असे सेवाग्रामचे डॉक्टर दर खेपेला का बजावतात, ते मला हा नियम वाचल्यावर उमगले.

हे सारे मी बाबांना सांगितले. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "मंग याची हवा कुठून काढाची?"

रक्ताला असा निपल नाही. औषधाने कळा कमी होतात, पण आजार जन्माबरोबर येतो. आई आणि बाबा दोघेही त्याचे वाहक आहेत. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो. मात्र दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. माझी तपासणी झाली आहे. मीही वाहक आहे. पहिल्या तपासणीला बोटातले थेंबभर रक्त पुरते. मित्र-मैत्रिणींनो, पत्रिका जुळवण्याआधी ती करून घ्या. उद्या आमच्या घरी माझ्या लग्नाची बोलणी निघतील, तेव्हा समोरच्याला मी आधी तेच विचारणार आहे.