कडू दाणा

आमच्या घरांत साखर संपली तर शेजारून वाटीभर आणतात. दाण्याचें कूट संपलें तर मात्र स्वयंपाकच अडतो. पालेभाजी मिळून यावयास कूट, कोशिंबिरीस कूट, भरल्या वांग्यांत कूट, आणि उपवासाच्या दिवशीं तर खिचडीपासून आमटीपर्यंत कुटाचेंच राज्य. ज्या भुईमुगावर आमची एकादशी उभी आहे तो मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. कोलंबसानंतरच्या काळांत समुद्र ओलांडून तो इकडे आला. कांदा-लसूण ज्यांनीं फराळाच्या पानांतून उठविला त्यांनीं ह्या परदेशस्थास तेथें कसें बसूं दिलें, हें कोडें आम्हांस अद्याप उलगडलेलें नाहीं. भाषेनें मात्र त्याचें कूळ बरोबर ओळखलें. बदाम-अक्रोडाप्रमाणें तो झाडावरचा मेवा नव्हे, शेंगवर्गांतला आहे. आणि आमच्या शेतकऱ्यानें वनस्पतिशास्त्राचें पुस्तक न उघडतां त्याला भुईंतला मूग म्हटलें.

इतक्या जवळच्या पदार्थाविषयीं कोणी संशय घेत नाहीं. दाणा खाऊन माणसें गुदमरतात अशा बातम्या परदेशांतून येत, तेव्हां कॉलेजांतील आमच्या खोलीत बसून आम्हीच म्हणत असूं कीं, हे भरल्या पोटाचे रोग आहेत. आमच्या मावळांतल्या पोरांना विचारा, तीं शेंगांवरच वाढलीं आहेत. विधान टाळ्या घेण्याजोगें होतें, आणि त्यास आधार कांहींच नव्हता.

२०१९ सालच्या आषाढी एकादशीस आमचे धाकटे बंधु सहकुटुंब आमच्याकडे आले होते. त्यांची मुलगी त्या वेळीं आठ वर्षांची. ती दाणे खात नसे हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. पोह्यांतले दाणे वेंचून ताटाच्या कडेला ती रांगेनें मांडून ठेवी, आणि त्याबद्दल तिची थट्टा होई. त्या दिवशीं खिचडींत कूट पुष्कळ होतें. वेंचून काढण्यासारखें कांहीं नव्हतें. ती नुसती चिवडीत बसली.

"काका, मला हें घशाला टोंचतं," ती म्हणाली.

"खिचडी कधीं टोंचते का, बाळ? दोन घास माझ्यासाठीं."

थोरांचा शब्द मोडूं नये असें तिला तिच्या आईनें शिकविलें होतें. तिनें दोन घास घेतले. आम्हीं तिसऱ्याचा आग्रह केला. तोहि तिनें घेतला.

पंधरा मिनिटांच्या आंत तिचे ओंठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि तिला वांती झाली. "पित्त उठलं," असें आमचें कुटुंब म्हणालें, आणि आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जें होत आलें तेंच झालें: आमसुलें पाण्यांत कुसकरलीं, तें पाणी अंगाला चोळलें, माळ्यावरची घोंगडी शोधून काढली. ह्यांत दहा मिनिटें गेलीं. मुलीचा आवाज बसला, श्वासाबरोबर शीळ वाजूं लागली, तेव्हां बंधूंनीं तिला उचललें आणि जिना उतरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे धांवत नेलें. त्यांनीं एक शब्द न विचारतां मांडींत अ‍ॅड्रिनॅलिनची सुई दिली आणि मग विचारपूस केली. थोड्याच मिनिटांत शीळ थांबली. गेलेला झटका कांहीं तासांनीं परत येऊं शकतो म्हणून ती रात्र तिला इस्पितळांत ठेवावें लागलें.

निघतांना डॉक्टर आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, "सर, आमसूल आणखी दहा मिनिटं चोळत बसला असतांत, तर माझ्या सुईचा उपयोग झाला असता कीं नाहीं, सांगवत नाहीं."

घरीं आल्यावर बायकामंडळींचा संशय दाण्यांवर गेला. दाणे जुने असतील, पावसाळी हवेनें बिघडले असतील. मे महिन्यांत गांवाहून आलेलें पोतें कोठीच्या खोलींत ओल आलेल्या भिंतीला टेकून उभें होतें, आणि डबा त्यांतूनच भरला होता. डबा परातींत उपडा केला. तळाशीं मूठभर दाणे सुरकुतलेले, काळपट निघाले. कांहींवर हिरवट-पिवळी भुकटी बसली होती. हें पाहून आम्हांस प्रथम काय वाटलें तें येथें लिहिलेंच पाहिजे. आम्हांस हायसें वाटलें. अपराधी सांपडला होता, आणि तो आम्ही नव्हतों.

ती मूठ कागदांत बांधून दुसऱ्या दिवशीं आम्ही डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं पुडी उघडली आणि मान हालविली. "ह्याच डब्यांतलं कूट तुम्ही सात माणसांनीं खाल्लंत. बाकीचे सहा कसे आहेत? बुरशीचं विष असं पाव तासांत सातांपैकीं एकाच पोरीला गांठत नाहीं. हे दाणे कालच शेतांतून आले असते, चांदीसारखे लखलखीत असते, तरी तिला हेंच झालं असतं. तुम्ही मात्र हे फेंकून द्या. त्याचं कारण निराळं आहे."

म्हणजे एका डब्यांत दोन विषें होतीं, आणि एका विषाचा आळ आम्हीं दुसऱ्यावर घालूं पाहत होतों. तें निराळें कारण शोधण्यांत आमचे पुढचे कित्येक रविवार गेले.

१९६० सालीं इंग्लंडांत टर्की जातीचे एक लक्षाहून अधिक पक्षी थोड्या महिन्यांत मेले. रोग ओळखतां येईना, तेव्हां त्यास नुसतें 'क्ष' असें नांव दिलें. शोध घेतां घेतां तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोंचला. त्या पेंडींत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नांवाची बुरशी वाढली होती. लॅटिन भाषेंत फ्लेव्हस म्हणजे पिवळा. बुरशीच्या ह्या दोन नांवांचे तुकडे जोडून तिच्या विषाचें नांव अ‍ॅफ्लाटॉक्सिन ठेवण्यांत आलें. हें विष यकृत धरतें. मोठी मात्रा एकदम पोटांत गेली तर कावीळ होऊन माणूस दगावतो. अल्प मात्रा वर्षानुवर्षें जात राहिली तर यकृताचा कर्करोग होऊं शकतो, आणि ज्यांच्या शरीरांत ब-प्रकारच्या काविळीचा विषाणु ठाण मांडून आहे त्यांना हें भय कितीतरी पटींनीं अधिक. मोठ्या मात्रेचें उदाहरण दूरचें नाहीं. १९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा आणि गुजराथेंतील पंचमहाल ह्या जिल्ह्यांत अवेळीं पाऊस होऊन मका भिजला. गरीब आदिवासी कुटुंबांनीं तो तसाच सांठविला आणि तोच खाल्ला. सुमारे चारशें माणसें आजारी पडलीं आणि शंभरांहून अधिक मेलीं. त्यांच्या घरांत टाकून देण्यासारखें दुसरें धान्य असतें तर त्यांनीं तें बुरसटलेलें खाल्लें असतें काय? आमच्या परातींतली मूठ आम्हीं सहज केरांत टाकली, तेव्हां हा प्रश्न मनांतून जाईना.

आमच्या मातोश्रींचें वळण आम्हांस आठवलें. सातारा जिल्ह्यांतल्या आमच्या घरीं शेंगा फोडल्या कीं दाणे सुपांत घेऊन त्या उजेडांत बसत. फुटका, सुरकुतलेला, डाग पडलेला दाणा त्यांच्या बोटांतून सुटत नसे. परंतु तो वगळलेला दाणा त्या टाकीत नसत. तो खरपूस भाजून तिखट-मीठ घालून गड्यांच्या चटणींत जाई. "भाजलं कीं सगळं जातं," असें त्या म्हणत. आतां पुस्तकें वाचल्यावर असें दिसतें कीं मातोश्रींचें सूप बरोबर होतें आणि तवा चूक होता. विस्तवानें बुरशी मरते. तिनें करून ठेवलेलें विष भाजण्यानें कांहीं अंशीं कमी होतें, पण निःशेष होत नाहीं. उलट निवडण्याचा उपयोग मोठा. कारण हें विष ढिगांत सारखें पसरलेलें नसतें, थोड्या बिघडलेल्या दाण्यांतच बहुतेक सांठलेलें असतें. हे थोडे दाणे डोळ्यांनीं बऱ्याच अंशीं ओळखूं येतात. एकदां कूट केलें म्हणजे डोळ्यांचें काम संपलें. आणि तो चटणीचा हिशेब, म्हणजे घरच्यांना सुपांतला दाणा आणि गड्यांना तव्यावरचा, हा आमच्या घराच्या पुण्याईंत कोठें बसवावा हें आम्हांस कळत नाहीं.

जिभेवर तर मुळींच विसंबूं नये. खवट दाणा जिभेला कळतो. त्यांतल्या तेलाला हवा लागून तें बिघडलेलें असतें. बुरशीच्या विषाला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. कडू दाणा तोंडांत आला तर तो थुंकावा हें खरें, परंतु गोड लागला म्हणून निर्धास्त होऊं नये. सारी गोष्ट ओलाव्याची आहे. शेंग हालविली असतां आंतला दाणा खुळखुळला पाहिजे इतकी ती उन्हांत वाळवावी. पोतें भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावें. पावसाळ्यापुरते दाणे थोडे थोडे आणावे आणि घट्ट झांकणाच्या डब्यांत, साधल्यास शीतकपाटांत ठेवावे. आमच्या कोठींतील पोत्यानें ह्यांतला एकहि नियम पाळलेला नव्हता. सरकारी नियमानें विक्रीच्या दाण्यांतहि ह्या विषाची सीमा बांधली आहे: किलोस १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांशाचे पंधरा भाग.

दुसऱ्या विषाला अशी सीमा नाहीं, कारण तें दाण्यांत नसून खाणाराच्या रक्तांत असतें. १९०२ सालीं शार्ल रिशे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें सागरी प्राण्याचें विष कुत्र्यांना अल्प प्रमाणांत टोंचून पाहिलें. दुसऱ्या वेळीं कुत्रा तें अधिक सहन करील अशी अपेक्षा होती. घडलें तें उलट. दुसरी मात्रा अगदीं क्षुल्लक असूनहि कुत्रा मेला. रिशेला १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मधल्या काळांत, १९०६ सालीं, व्हिएन्नाच्या फॉन पिर्के ह्या डॉक्टरानें 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडविला. शरीराचे पहारेकरी एखाद्या निरुपद्रवी पाहुण्यास चोर समजतात आणि त्याच्यामागें धांवतांना घरच पाडतात, असें आम्हीं त्यावरून समजून घेतलें आहे.

मराठी मनुष्यास ही कल्पना नवी वाटूं नये. बिब्बा 'उततो' हें आपण किती सहज म्हणतों! धोबी कपड्यांवर बिब्ब्याची खूण करी; तोच कपडा एकाला कांहीं करीत नसे आणि दुसऱ्याच्या मानेवर फोड आणी. ज्याला बिब्बा उततो त्याला आपण लाडावलेला म्हणत नाहीं, त्याच्या हातीं बिब्बा देत नाहीं. डॉक्टर म्हणतील कीं बिब्बा सावकाश उततो, एक-दोन दिवसांनीं, आणि दाण्याची गोष्ट मिनिटांची. दोहोंची यंत्रणा निराळी. तें आम्हांस मान्य आहे. पण 'एकाला उततें, दुसऱ्याला उतत नाहीं' हें ज्ञान आमच्या आज्यांपाशीं होतें, आणि तें बिब्ब्यापलीकडे नेण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. काजू आणि पिस्ता तर बिब्ब्याच्याच कुळांतले. काजू उतणाऱ्यास पिस्ताहि पुष्कळदां उततो.

विद्वानांचीहि ह्या बाबतींत मोठी चूक झाली आहे, एवढेंच काय तें आमचें समाधान. ज्या घराण्यांत असे विकार आहेत त्यांतल्या बालकांना दाण्यापासून दूर ठेवावें असा सल्ला इंग्लंड-अमेरिकेंत कित्येक वर्षें दिला जात होता. २०१५ सालीं लंडनच्या डॉक्टरांनीं ६४० तान्ह्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. दाणे टाळणाऱ्या मुलांत पांचव्या वर्षीं शेंकडा सुमारे १७ जणांस हा विकार जडला. लहानपणापासून दाण्याचा पदार्थ खाणाऱ्यांत शेंकडा ३ जणांस. तेव्हां मावळांतल्या पोरांविषयींचें आमचें विधान अगदींच निराधार नव्हतें, असें क्षणभर वाटलें. परंतु विकार एकदां जडल्यावर दोन घासांचा आग्रह हें त्याचें औषध नव्हे. त्या मुलीला पूर्वीं शाळेंत चिक्की खाऊन दोनदां गांधी उठल्या होत्या. दोन्ही वेळां आमसूल लावलें होतें.

आमच्या पंक्तींत आग्रह हा यजमानाचा दागिना. नको म्हणणाराचा हात बाजूला सारून वाढणें ह्यांत आम्हीं पन्नास वर्षें आदरातिथ्य पाहिलें. त्या हाताचा अर्थ 'नको' असाहि असूं शकतो, हें आम्हांस उशिरां समजलें.

आतां ती मुलगी आमच्या खांद्याला लागते. पिशवींत औषधाची सुई असते, आणि ती कशी टोंचावी हें घरांत सर्वांस शिकविलेलें आहे. बाहेरचा पुडा हातीं आला कीं ती आधीं त्याची मागची बाजू वाचते. दाण्याचा अंश असल्यास तसें छापणें आतां कायद्यानें आवश्यक आहे. आषाढीला ती येते. त्या दिवशींची खिचडी तुपांत, ओलें खोबरें घालून होते, आणि आम्ही सर्वच ती खातों. खरें सांगावयाचें तर पहिल्या वर्षीं ती आम्हांस मुळींच आवडली नाहीं. पान वाढलें तरी ती लगेच घांस घेत नाहीं.

"काकू, झारा कोणता वापरलास?"

आमचें कुटुंब उठून आंत जातें आणि लाल दोरा बांधलेला झारा आणून तिला दाखवितें. तिसऱ्या घासाविषयीं कोणी कांहीं बोलत नाहीं.