एक वार उणा

सातां वारांचे चक्र पुढे फिरविणे सोपे. मागे फिरवू गेल्यास मात्र ते अडते. आमच्या गिरगावच्या बिऱ्हाडी पुतण्या संगणकाची आज्ञावली लिहीत असता आम्हांस याचा उलगडा झाला. तेथे वारांस नावे नसतात, अंक असतात. रविवार 0, सोमवार 1, याप्रमाणे शनिवार 6. उद्याचा वार हवा असल्यास एक मिळवून साताने भागावे आणि बाकी तेवढी ठेवावी. शनिवारचे 6, त्यांत 1 मिळविला की 7. बाकी 0, म्हणजे रविवार. परंतु रविवारातून एक वजा केला की उणे 1 उरतो, आणि असा वार कोणत्याच पंचांगात नाही! 'पायथॉन' भाषा याची बाकी 6 देते; 'सी' भाषा मात्र उणे 1 हाती ठेवून मोकळी होते. म्हणून जाणते लोक एक वजा न करता सहा मिळवितात. मागे जावयाचे तर सहा पावले पुढे चालावे!

ही बाकीची कला काही नवी नव्हे. आपल्या वारांचा क्रमच तीतून निघाला आहे. शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र असे सात होरांचे स्वामी ओळीने येतात. अहोरात्राच्या होरा 24. साताने भागता बाकी 3. म्हणून शनीपासून तिसरे पाऊल रवीवर पडते, आणि शनिवारामागून रविवार येतो. हा नियम आर्यभटाच्या ग्रंथात आहे.

हे सर्व खरे. तथापि या हिशेबात बाकी ठेवतात आणि भागाकार टाकून देतात, हे आम्हांस विसरवत नाही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तो वार सोमवार होता. आमचे मामा परळच्या एका गिरणीत साचे चालवीत. संप या सोमवारी नाही तर पुढच्या सोमवारी मिटेल, असे ते म्हणत. सोमवार नेमाने येत राहिला. लालबाग-परळच्या हजारो घरांतील रोजगार मात्र परत आला नाही. वार पाहावा तर बाकी तीच, 1. मध्ये किती आठवडे गेले, ते भागाकारात होते.

वारांचे चक्र माणसास धीर देते, यात संशय नाही. पण मामांचे वय त्या टाकून दिलेल्या आकड्यांतच वाढत गेले.