चकचकीत गाडी आणि आप्पांचा फडका

मंडळी, आधी एक हिशोब. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. तुमच्या गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. म्हणजे केसापेक्षाही बारीक. ऊन, पाऊस, धूळ, कावळे, शेजारच्या पोरांच्या सायकली... सगळं या एवढ्याशा थराने सोसायचं.

आणि आपण गाडी पॉलिश करतो तेव्हा वर नवीन काही चढत नसतं. पॉलिशमधले बारीक कण हाच थर घासून थोडा थोडा कमी करतात. ओरखडा भरून येत नाही, त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत खाली येतो आणि मग तो दिसेनासा होतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दर वेळी थोडा डेटा डिलीट होतोय आणि बॅकअप कुठेही नाही. म्हणून घरच्या घरी गाडीचा रंग सुधारण्याचं सगळं शास्त्र माझ्या मते एवढंच आहे: काढायचं ते कमीत कमी काढा, आणि पुन्हा काढायची वेळ येऊ नये असं वागा. यातला दुसरा भाग जास्त अवघड. का, ते सांगतो.

आमची गाडी म्हणजे २०१० ची स्विफ्ट. गडद निळी, मेटॅलिक, नंबर अर्थातच एमएच ४२. त्या वर्षी उसाचं बिल बरं आलं आणि जळोचीतल्या आमच्या दारात पहिली चारचाकी उभी राहिली. २०२५ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली. विकायची का, यावर घरात दोन महिने चर्चा चालली आणि शेवटी आप्पांनी रीपासिंग करून आणलं. कर भरला, पाच वर्षं वाढवून मिळाली. इंजिन ठणठणीत, पण रंग मात्र पार विटल्यासारखा. एका पेंटरने सांगितलं, "फुल बॉडी मारून टाकू, नवी दिसंल." आप्पा जवळजवळ तयार होते. मी म्हटलं, थांबा, दोन शनिवार-रविवार द्या मला.

थांबा म्हणण्याला कारण होतं. व्हेस्पा स्कूटर आपल्या बारामतीत बनते हे तुम्हाला माहीत असेलच (२०१२ पासून). स्कूटर असो की कार, पत्र्याच्या बॉडीला कारखान्यात रंग लागतो तो थरांनी. आधी बॉडी धुऊन तिच्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग ती एका हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने प्रायमरचा पहिला थर कोपऱ्याकोपऱ्यात बसवतात, गंज रोखायचं खरं काम हाच थर करतो. त्यावर कारच्या बाबतीत सहसा आणखी एक प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. वरचे थर भट्टीत साधारण १४० अंशाला भाजले जातात, कारण त्या वेळी बॉडीत ना वायरिंग असतं, ना सीट, ना प्लास्टिक. रस्त्यावर आलेली गाडी पुन्हा एवढी तापवता येत नाही. चांगल्या बूथमध्ये साठेक अंशापर्यंत, आणि साध्या गॅरेजमध्ये तर नुसतंच वाळवणं. चांगला पेंटर चांगलंच काम करतो, पण कारखान्यातला भाजलेला रंग गाडीला आयुष्यात एकदाच मिळतो. तो शाबूत असताना घासून त्यावर दुसरा मारायचा म्हणजे जिवावर येतं.

तर पहिल्या शनिवारी रात्री मोबाईलची बॅटरी लावून बोनेट बघितलं. दिव्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे हजारो बारीक गोल ओरखडे. खरं तर ते गोल नसतातच. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण प्रकाशाला आडवे असलेलेच चमकतात म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. टपावर, बोनेटवर, दारांवर, सगळीकडे तेच.

आता असे ओरखडे एका दिवसात पडत नाहीत. पंधरा वर्षं रोज सकाळी चहा झाला की आप्पा जुन्या बनियनचा कोरडा फडका घेऊन गाडी पुसायचे. पाऊस असो, लग्नाची घाई असो, एक दिवस चुकला नाही. गावात लोक म्हणायचे, गाडी ठेवावी तर आप्पांनी. आणि गाडीवरचं जाळं त्याच फडक्याने विणलं होतं.

हे सांगायचं कसं? ज्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या चपलेचे कधी लाड केले नाहीत, त्याने एका वस्तूची माया केली. त्याला जाऊन म्हणायचं की तुमच्या मायेनेच ती खराब झाली? रविवारची सकाळ मी नुसतीच इकडेतिकडे करण्यात घालवली.

शेवटी विषय उसावरून काढला. म्हटलं, "आप्पा, उसाचं पान हाताला कापतं ते कशानं?"

"धार असती त्याला. करवतच असती बारीक."

"ती धार कशाची? ऊस जमिनीतून सिलिका ओढून घेतो आणि पानात साठवतो. सिलिका म्हणजे वाळूतला कडक भाग. कारखान्याच्या बॉयलरमध्ये चिपाड जळलं तरी सिलिका जळत नाही, राखेत उरते. हंगामात सकाळी गाडीवर काळी राख पडलेली असते ना, ती तीच."

आप्पा गप्प. मग बोनेटपाशी गेले, बोटाने थोडी धूळ उचलली आणि दोन बोटांत चोळून बघितली.

"म्हंजी मी रोज पाचट फिरवीत हुतो व्हय रं हिच्यावर?"

मी काहीच बोललो नाही. त्यांनी फडका झटकला, घडी घातली आणि खिडकीत ठेवून दिला. एवढंच.

एक गोष्ट मात्र आप्पांच्या बाजूने सांगायलाच पाहिजे. घासायची सवय त्यांना लागली ती चुलत्यांच्या पद्मिनीवर. त्या काळच्या गाड्यांना वेगळा क्लिअर कोट नसायचा. रंगच सगळ्यात वर आणि उन्हाने त्याची पांढुरकी भुकटी व्हायची. ती घासून काढली की खालून ताजा रंग निघायचा. त्या रंगाला घासणं हेच औषध होतं. गाडीचा रंग बदलला, सवय तीच राहिली. तुमच्या गाडीचं कसं आहे ते बघायचं असेल तर पांढऱ्या फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन कोपऱ्यात हलकं घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही. मेटॅलिक रंगावर तो सहसा असतोच.

आता प्रत्यक्ष काम. पहिलं म्हणजे धुणं. सावलीत, पत्रा गार असताना. आधी नुसत्या पाण्याने राख-धूळ वाहू द्यायची, हात लावायचा नाही. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबर शाम्पूत बुडवायचं, टपापासून खाली यायचं आणि प्रत्येक भाग झाला की दुसऱ्या बादलीत ते खळबळून घ्यायचं. चाकांचं कापड वेगळं. कपड्याचा सोडा, पावडर नको. त्यांनी होतं नव्हतं ते मेणही निघून जातं. पाण्यात थोडं रॉकेल टाकून पुसायचं जुनं तंत्र आहे, त्याने दिवसभर चमक येते आणि दुसऱ्या दिवशी त्या तेलकट थरावर दुप्पट धूळ बसते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आमच्या बोअरचं पाणी जड. गाडीवर वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात आणि उन्हात तसेच राहिले तर क्लिअर कोट खातात. बरेच जण आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी साठवून त्याने गाडी धुतात. पाणी वाचवायचा विचार चांगलाच, पण त्या पाण्यात क्षार मूळच्यापेक्षा जास्त असतात. ते संडास-फरशीला वापरा. शेवटचा हात फिरवायला बादलीभर पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर त्यासारखं दुसरं नाही. जुन्या ठिपक्यांसाठी पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, दोन मिनिटं ठेवून भरपूर धुऊन टाकायचं.

धुऊन झाल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवर फिरवा. डोळ्यांना न दिसलेली खरखर बोटांना कळते. ती घालवायला क्ले बार मिळतो, मळलेल्या कणकेसारखा गोळा. पत्रा शाम्पूच्या पाण्याने सुळसुळीत ठेवून तो हलक्या हाताने फिरवायचा. खाली पडला तर सरळ फेकून द्यायचा, कारण त्यात खडे रुततात.

दुसऱ्या आठवड्यात पॉलिश. मित्राचं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन आणलं होतं. त्याचं चक्र फिरता फिरता डुलतं, त्यामुळे एका जागी फारशी उष्णता साठत नाही. कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर थर सगळ्यात पातळ असतो, तिथे मास्किंग टेप. आधी वीतभर जागेवर सगळ्यात सौम्य पॉलिश मारून बघायचं. तेवढ्याने भागलं तर तिथेच थांबायचं. आमचं सत्तर टक्के जाळं त्यानेच गेलं. साधारण एक-दोन मायक्रॉनचा सौदा. उरलेल्यासाठी जाड कंपाउंड मारता आलं असतं, पण पुढच्या पाच वर्षांचं ऊन कुणी सोसायचं? ज्या ओरखड्यात नख अडकतं, त्याच्या तर वाटेलाच जायचं नाही. टूथपेस्टही नको, तेही घासण्याचंच साधन आहे.

टपावर मात्र तळहाताएवढ्या जागेत क्लिअर कोट पापुद्रे धरून सुटला होता. त्याला पॉलिश, मेण, काही म्हणजे काहीच इलाज नाही. तो भाग पुन्हा रंगवायचा, नाहीतर तसाच ठेवायचा. मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "राहू दे. टप कोण बघतंय? आमाला बी पडलंच की टक्कल." :)

शेवटी मेण. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते महिना-दोन महिने टिकलं तरी पुष्कळ. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं, पण कोरड्या फडक्यापुढे तेही ओरखडे घेतंच.

राखायचं तंत्र याहून सोपं आहे, फक्त मनाला आवर घालावा लागतो. धूळ दिसली तरी कोरडी पुसायची नाही. पक्ष्याची घाण पडली तर ओला फडका पाच मिनिटं वर ठेवून भिजू द्यायची आणि मग उचलायची. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावायची नाही, तुडतुड्यांचा चिकटा पडतो. दसऱ्याला कुंकवाचं स्वस्तिक बोनेटऐवजी काचेवर काढायचं (आईने ही दुरुस्ती मंजूर केली, पण नारळ मात्र पूर्वीच्याच जागी फुटणार असं ठणकावून). आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत जिथे एका बादलीत वीस गाड्या पुसल्या जातात, तिथे पुसणाऱ्या दादांना तुमच्या गाडीपुरती दोन स्वच्छ मायक्रोफायबर देऊन ठेवा. त्यांचंही काम हलकं होईल.

असो. आप्पांची सकाळ काही दिवस जरा सुनी सुनी गेली. चहा झाला की हात आपोआप खिडकीकडे जायचा. आता त्यांनी स्वतःच तोड काढलीय. चारही टायरची हवा बघतात, बोनेट उघडून ऑइलची पट्टी तपासतात, काचा ओल्या कपड्याने पुसतात आणि पत्र्याला हात न लावता गाडीभोवती एक चक्कर मारून येतात. परवा फोनवर म्हणत होते, "धूळ बसलीया चिक्कार. पर मी काय हात लावला न्हाय. तू शनिवारी ये, मग दोघं मिळून धुऊ."