आजीची चूक नव्हती

कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी ६.१ आलं. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वय २८, वजन ५८ किलो. पप्पाही असेच काटकुळे. त्यांना ३६व्या वर्षी मधुमेह झाला. आज ५२व्या वर्षी ते आजीपेक्षा थकलेले दिसतात.

कारण शोधताना पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम सापडलं. १९९३पासून त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास. स्नायू कमी, चरबी मात्र टिकलेली. आईच्या पोटातच कमी मिळालं, की शरीर साठवायला शिकतं. पुढे भरपूर मिळू लागलं, की तीच सवय अंगाशी येते.

पप्पा मार्च १९७३चे. म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळात आजी पोटुशी होती.

मी उत्साहाने आजीला हे सगळं सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "खडी फोडाया जायची मी. सुकडी मिळायची, ती थोरलीला चारायची. मग माझ्यामुळंच का रं त्याला साखर?"

"नाही गं आजी. एका माणसाच्या आजाराचं असं एकच कारण नसतं. आणि पाऊस पडला नाही, त्यात तुझी काय चूक?"

ती काही बोलली नाही.

आमच्या घरी बायका शेवटी जेवतात. माझ्या बायकोला पाचवा महिना लागलाय. त्या रात्री आजीने तिचं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं.