माणूस की 'रिसोर्स'?

प्रत्येक व्यवसायाला स्वतःची परिभाषा असते आणि ती असावीही. सुताराला रंधा, पटाशी, गिरमिट या शब्दांवाचून चालत नाही. कारण त्या प्रत्येक शब्दामागे एक वस्तू आणि एक काम उभे असते. आजच्या कचेरीतील भाषेविषयी मात्र असे म्हणवत नाही. तेथे सवड नसलेला माणूस 'माझ्याकडे बँडविड्थ नाही' असे सांगतो, दोघांनी मिळून करायच्या कामाला 'सिनर्जी' म्हणतात आणि अडचण आली की तिला 'चॅलेंज' हे नाव देऊन सर्वजण चहाला जातात.

या भाषेने आपल्या ख्रिस्तसभेचेही शब्द उसने नेले आहेत. 'मिशन' हा शब्द पाठविणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. हल्ली साबण विकणाऱ्या कंपनीलाही मिशन असते. 'इव्हँजेलिस्ट' म्हणजे शुभवर्तमानकार. १९८० च्या दशकात अमेरिकेतील ॲपल कंपनीत संगणकाचा प्रचार करणाऱ्यांना हे पदनाम मिळाले. इथपर्यंत हसून सोडून देता येते.

काही शब्दांपाशी मात्र हसू थांबते. 'डाउनसायझिंग' हा शब्द १९७० च्या दशकात अमेरिकेत मोटारींचा आकार लहान करण्यासाठी वापरात आला. पुढे तोच कामगार कमी करण्यासाठी वापरू लागले. तोही कानाला कठोर वाटला, तेव्हा 'राइटसायझिंग' आले. जणू काढून टाकलेली माणसे हीच काय ती चूक होती!

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांना असेच इंग्रजी पत्र आले. निवृत्तीला सहा वर्षे उरली होती. पत्रात 'रिस्ट्रक्चरिंग' होते, 'रिसोर्स ऑप्टिमायझेशन' होते, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छाही होत्या. मी दोन वेळा वाचून अर्थ सांगू लागलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊ, नोकरी आहे की गेली, तेवढंच सांगा." त्या दोन पानांत हे एक वाक्य कोठेही नव्हते. लिहिणाऱ्याला ते लिहिण्याचे धैर्य झाले नसावे. म्हणूनच त्याने शब्दांचा आडोसा घेतला.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्सरसेन्स' हे विश्वपत्र लिहिले. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, ही त्यातील शिकवण. माणसाला 'रिसोर्स' म्हटले की तो कोळसा आणि पोलाद यांच्या रांगेत जाऊन बसतो. आपल्या देशातही १९८५ साली शिक्षण मंत्रालय 'मानव संसाधन विकास मंत्रालय' झाले. २०२० साली त्याला पुन्हा शिक्षणाचे नाव मिळाले. शब्द परत आणता येतात, हेही त्यातून दिसते.

प्रभू येशू खमीर, मोहरीचा दाणा, मासळीचे जाळे यांच्याविषयी बोलला. त्याच्या दाखल्यातील द्राक्षमळ्याच्या धन्याने पहाटेच्या मजुरांशी दिवसाचा एक दिनार ठरविला. त्यात कोणालाही संदिग्धता वाटली नाही. आपल्या धर्मग्रामाच्या सभांतही आता 'टार्गेट' आणि 'ॲक्शन प्लॅन' ऐकू येतात. त्याऐवजी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी कोण जाणार आणि कोणत्या वारी, एवढे ठरले तर पुष्कळ काम होईल.

आपल्यापैकी अनेकजण आज अधिकाराच्या जागी आहेत. त्यांना एवढीच विनंती: असे पत्र लिहिण्याची वेळ आलीच, तर सही करण्यापूर्वी ते त्या माणसाच्या पत्नीला मोठ्याने वाचून दाखवीत आहोत अशी कल्पना करावी. जो शब्द तेव्हा ओठांवर अडखळेल, तो खोडावा.