माहात्म्य नसलेला दगड

काशीखंडानं या नगरीला आनंदकानन म्हटलं असलं, तरी दूधविनायकच्या गल्लीत आम्हाला रान भेटलं ते पत्रावळीतून. पितृपक्षात पळसाच्या पत्रावळींचे गठ्ठे वाड्यात येत. बारीक काड्यांनी टाचलेली ती पानं पाणी शिंपडलं की पुन्हा वास सोडत. पंगत उठली, उष्टं गाईपुढे गेलं, की आमचं रान संपलं.

बाकी सगळीकडे देव. कोपऱ्यावर शिवलिंग, खाली पंचगंगेला बिंदुमाधव. चित्रं काढायला लागलो तेव्हा याची अडचण व्हायला लागली. कुठलाही दगड काढायला बसावं, तर जाणारा-येणारा थांबून त्याचं माहात्म्य सांगे. हात कथेमागे जाई, दगड राहून जाई.

कॉलेजात असताना मित्रांबरोबर चंद्रप्रभा अभयारण्यात राजदरीचा धबधबा बघायला गेलो. 1957 साली गीरहून एक सिंह आणि दोन सिंहिणी आणून या रानात सोडल्या होत्या. त्यांचा वंश वाढला आणि साठीच्या दशकात दिसेनासाही झाला. तिथल्या चौकीदारानं हे दोन वाक्यांत उरकलं. काशीत एवढ्यावर एक सिंहेश्वर उभा राहिला असता!

आई गेली, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, "काशीत गेली, सोनं झालं." झालंही असेल, पण सोनं झाल्यावर रडायची सोय राहत नाही. तेरावं उरकल्यावर वही घेऊन एकटाच राजदरीला गेलो. उन्हाळा होता. पाणी आटून कड्यावर काळे ओघळ तेवढे उरले होते. मोहाच्या बुंध्याला टेकून कडा काढत बसलो. थराखाली थर, भेगेतून निघालेलं एक चिवट रोप. ऊन सरकलं की सावल्या बदलत, काढलेलं पुसावं लागे. कुणी समजूत घालायला आलं नाही. तिथं मनसोक्त रडलो.

व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला जाऊन राहिले, त्यावर लिहिलं. ते चित्रकारही होते. त्यांच्या रेषेतलं हरीण हरीणच असतं, कशाचं प्रतीक नाही. त्यासाठी किती मुकाट बसावं लागत असेल, याचा अंदाज मला राजदरीनं दिला.

आता घाटही मी तसाच काढतो. ओली पायरी, तिची झिजलेली कड, तिरपं ऊन. परवा शेजारचे काका चित्र बघून म्हणाले, "अरे, यात देऊळ कुठंय?"

म्हटलं, "काका, देऊळ आहे तिथंच आहे. मी पायरी काढलीय."