गहाण घरातला भाडेकरू

घरमालकाचे कर्ज थकले आणि बँकेने घराचा ताबा घ्यायचे ठरवले, तर त्या घरात भाड्याने राहणाऱ्याचे काय होते, हे महाराष्ट्रात मुख्यतः चार कायद्यांवरून ठरते. त्यांतले दोन १८८२ सालचे आहेत, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आणि भारतीय सुखाधिकार अधिनियम. तिसरा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. हे तीन कायदे राहणाऱ्याचा घरावर हक्क कोणता आणि किती, ते सांगतात. चौथा कायदा २००२ चा, ‘सरफेसी’ या नावाने ओळखला जाणारा. तो बँकेला दिवाणी दावा न लावता तारण ठेवलेली मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार देतो. कर्जाशी भाडेकरूचा काहीही संबंध नसतो आणि भाडेही तो वेळेवर भरत असतो. तरीही मुलांच्या शाळेचे वर्ष अर्धे झालेले असताना बिऱ्हाड हलवण्याची पाळी त्याच्यावर येते, आणि या सगळ्या कारवाईत त्याच्याशी कोणी बोलायचे हे कोणाचेच काम नसते.

हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार कर्ज अनुत्पादक ठरते. मग बँक सरफेसीच्या कलम १३(२) खाली नोटीस देऊन सगळी थकबाकी फेडायला ६० दिवसांची मुदत देते. ही नोटीस कर्जदाराच्या नावाने निघते, भाडेकरूच्या नाही. मालक दुसऱ्या गावात राहत असेल तर ती आली होती हेसुद्धा भाडेकरूला कळत नाही. मुदत टळली की बँकेचा प्राधिकृत अधिकारी कलम १३(४) खाली ताबा-सूचना काढतो. ती घराच्या दारावर किंवा दर्शनी जागी चिकटवली जाते आणि सात दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत छापून येते. त्यांतले एक वृत्तपत्र स्थानिक भाषेतले असावे लागते. मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर ‘ज्याअर्थी’ने सुरू होणाऱ्या बारीक अक्षरांच्या चौकटी दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा याच. भाडेकरूला बहुधा दारावरचा कागद वाचूनच पहिल्यांदा कळते की आपण राहतो ते घर गहाण आहे.

हा पहिला ताबा बहुतेक वेळा सांकेतिक असतो. कुलूप बदलत नाही, माणसे घरातच राहतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकारी किंवा मुख्य महानगर दंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करते. त्यावर ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून एकूण ६० दिवसांपर्यंत आदेश व्हावा, असे २०१६ च्या दुरुस्तीने ठरवले आहे. आदेश घेऊन येणारा महसूल खात्यातला अधिकारी असू शकतो किंवा नेमणूक झालेला वकील असू शकतो. वकिलाला असे नेमता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एनकेजीएसबी सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितले. बरोबर पोलीस असतात. राहणाऱ्याचा विरोध असताना त्याला बळाने बाहेर काढायचे तर हा आदेश लागतोच. वसुली एजंट दारात उभा राहून ‘उद्यापर्यंत सामान काढा’ म्हणाला, तर त्याला आदेशाची प्रत मागावी. ती नसेल तर त्याच्या बोलण्याला कायद्याचा आधार नाही.

गावोगावच्या सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे का, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. मे २०२० मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘आहे’ असा निर्णय दिला. त्यामुळे तालुक्याच्या गावातले भाड्याचे घरही आता या चौकटीत आले आहे. शेतजमीन मात्र कलम ३१ ने वगळलेली आहे.

खऱ्या अर्थाने भाडेकरू असलेल्याचा हक्क ठरतो तो दोन तारखांवरून. एक, त्याचे भाडेपट्ट्याचे नाते केव्हा जुळले. दुसरी, घर केव्हा गहाण पडले. भाडेपट्टा आधीचा आणि गहाण नंतरचे असेल, तर बँकेला घर त्या भाडेकरूसकटच तारण मिळालेले असते. मालकाच्या हातात नसलेला हक्क तो बँकेला देऊ शकत नाही. चाळीतले पागडीचे भाडेकरू आणि भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेली जुनी बिऱ्हाडे या गटात येतात. त्यांची स्थिती सर्वांत भक्कम, अर्थात हातात कागद असतील तर.

घर आधी गहाण पडले आणि मग भाड्याने गेले, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ६५-अ पाहावे लागते. घर मालकाच्या ताब्यात असेल तर तो ते भाड्याने देऊ शकतो, पण अटी कडक आहेत. व्यवहार स्थानिक रीतीप्रमाणे, नेहमीच्या व्यवस्थापनाचा भाग म्हणून झालेला हवा. भाडे वाजवी दृष्टीने मिळू शकेल तेवढे पुरेपूर हवे. पागडी किंवा आगाऊ भाडे घेतलेले नको, नूतनीकरणाचे वचन दिलेले नको आणि इमारतीचा पट्टा एकूण तीन वर्षांहून मोठा नको. त्यातही गहाणखतात वेगळे लिहिले असेल तर हे कलम लागूच होत नाही. बँकांच्या छापील गहाणखतांत ‘बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने देणार नाही’ हे वाक्य सर्रास असते. मालक ते वाचत नाही, भाडेकरूला ते दाखवले जात नाही, आणि निकाल मात्र त्याच वाक्यावर लागतो. तिसरी शक्यता कलम १३(२) ची नोटीस आल्यावर घर भाड्याने देण्याची. कलम १३(१३) प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला तसे करता येत नाही, आणि अशा भाडेकरूला बँकेसमोर उभे राहायला जवळजवळ जागाच उरत नाही.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाची भूमिका काही वर्षांत बरीच सरकली, आणि यातले महत्त्वाचे वाद मुंबईतल्या घरांवरून उभे राहिले. एप्रिल २०१४ मध्ये इंटरनॅशनल ॲसेट्स रिकन्स्ट्रक्शन कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की गहाणाआधीचा किंवा कलम ६५-अ ला धरून झालेला पट्टा सरफेसीमुळे आपोआप संपत नाही आणि दंडाधिकाऱ्याने भाडेकरूचे म्हणणे ऐकले पाहिजे. जानेवारी २०१६ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. सरफेसीने महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा पुसला जात नाही, आणि करार नोंदवण्याची जबाबदारी त्याच भाडे कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर टाकली असल्याने त्याच्या चुकीची शिक्षा भाडेकरूला देता येणार नाही, असा तो निकाल. भाडेकरूंच्या बाजूने यापेक्षा स्पष्ट बोलणे नंतर झालेले नाही.

बँकांची तक्रारही निराधार नव्हती. कर्ज बुडू लागले की मेव्हण्याला किंवा मित्राला ‘जुना भाडेकरू’ म्हणून उभे करायचे, जुन्या तारखांच्या पावत्या फाडायच्या आणि लिलाव अडवायचा, हे प्रकार खरोखर घडत. सप्टेंबर २०१९ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याला आळा घातला. एक वर्षाहून अधिक मुदतीचा हक्क सांगायचा तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०७ प्रमाणे नोंदणीकृत पट्टा हवा. करार तोंडी किंवा नोंदणी न केलेला असेल तर त्या कलमाने मान्य केलेल्या काळापलीकडे घर धरून ठेवता येत नाही. हक्क संपल्यावरही जो नुसता राहत आहे, त्याला भाडे कायद्याचे संरक्षण नाही. त्या प्रकरणात भाडेकरू असल्याचा पुरेसा पुरावाच समोर नव्हता आणि न्यायालयाने भाडेकरूच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका व्यक्त केली. निकाल तर्काला धरून आहे. पण तीस वर्षे बिनकरार राहणारी खरी कुटुंबे महाराष्ट्रात हजारोंनी आहेत, आणि खोट्या भाडेकरूंसाठी लावलेल्या कसोटीला त्यांनाही उतरावे लागते. अशा कुटुंबाने जुन्या भाडेपावत्या, वीजबिले, शिधापत्रिका, मतदारयादीतले नाव, मुलांच्या शाळेचे दाखले, बँक खात्यातून गेलेले भाडे हे सगळे वर्षवार जपून ठेवणे हाच त्याचा खरा बचाव आहे.

दाद मागायची ती कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे. सरफेसीच्या कलम ३४ मुळे दिवाणी न्यायालयाचे दार या बाबतीत बहुतांशी बंद आहे. कलम १४ चे काम करणारा दंडाधिकारी वाद सोडवण्यासाठी नाही, केवळ ताबा मिळवून देण्यासाठी आहे, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. बँकेच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कलम १७ खाली अर्ज करावा लागतो. १ सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या कलम १७(४अ) ने भाडेकरूला तेथे स्पष्ट जागा दिली. पट्ट्याची मुदत संपली आहे का, तो कलम ६५-अ च्या किंवा गहाणखताच्या विरुद्ध आहे का, तो मागणी-नोटिशीनंतरचा आहे का, हे न्यायाधिकरण तपासते आणि भाडेकरूचे म्हणणे खरे ठरले तर ताबा परत देववू शकते. अर्ज ६० दिवसांत आणि फार तर चार महिन्यांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. ४५ दिवस मोजायला सुरुवात करताना दारावर लागलेल्या सूचनेची तारीख धरून चालणे सुरक्षित. ‘मालक म्हणतो मिटवतो’ या भरवशावर ते दिवस घालवू नयेत.

आतापर्यंतचे सगळे पट्टेधारक भाडेकरूबद्दल झाले. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आज राहणारे बहुसंख्य लोक मात्र अकरा महिन्यांच्या किंवा दोन-तीन वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असतात, आणि कायद्याच्या लेखी ते भाडेकरू नव्हेत. सुखाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे त्यांना मिळते ती जागा वापरण्याची परवानगी. मालमत्तेत त्यांचा हितसंबंध निर्माण होत नाही. कलम ५९ प्रमाणे मालकाने मालमत्ता दुसऱ्याला दिली तर ती परवानगी नव्या मालकाला बांधत नाही. कलम १७(४अ) मध्ये भाडेपट्ट्याचे हक्क लिहिले आहेत, परवानगीचे नाहीत. म्हणजे करार रीतसर नोंदवलेला, मुद्रांक भरलेला, पोलिसांकडे कळवलेला, आणि तरी बँकेसमोर त्याचे वजन फारसे नाही. सुखाधिकार अधिनियमातलीच दोन कलमे मात्र लायसन्सवर राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावीत. परवानगी संपली तरी जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क कलम ६३ देते. मोबदला देऊन घेतलेली परवानगी राहणाऱ्याची चूक नसताना मुदतीआधी तुटली, तर परवानगी देणाऱ्याकडून भरपाई मागण्याचा हक्क कलम ६४ देते.

वाजवी वेळ म्हणजे किती, हे कुठेच लिहिलेले नाही, आणि आपल्या कायद्यातली ही सर्वांत दुखरी जागा आहे. २००८ च्या कर्जसंकटात अमेरिकेत घरे जप्त होऊ लागली तेव्हा तिथल्या काँग्रेसने २००९ मध्ये भाडेकरूंसाठी वेगळा कायदा केला. जप्तीनंतर घर घेणाऱ्याने खऱ्या भाडेकरूला किमान ९० दिवसांची नोटीस द्यावी आणि मुदतीचा करार असल्यास तो पुरा होऊ द्यावा; नवा मालक स्वतः राहणार असेल तर ९० दिवस पुरेत. खरा भाडेकरू कोण, हेही तिथे लिहिले: तो कर्जदार किंवा त्याचा जोडीदार, मूल, आईबाप नसावा आणि भाडे बाजारभावापेक्षा फार कमी नसावे. २०१४ च्या अखेरीस हा कायदा संपला होता. २०१८ मध्ये तो कायमचा करण्यात आला. बँकेची वसुली न अडवता, खोट्या भाडेकरूला बाजूला ठेवून, खऱ्या कुटुंबाला तीन महिने देता येतात. सरफेसीत लायसन्सधारकासाठी एवढी एक तरतूद व्हायलाच हवी. नोंदणीकृत करारावर तारीख आणि रक्कम दोन्ही असतात, त्यामुळे खरे-खोटे ओळखणे इथे अधिक सोपे आहे.

अनामत रकमेचा प्रश्न वेगळा. डिपॉझिट मालकाने घेतलेले असते, ते परत करण्याचे देणे त्याचेच. बँकेवर ते येत नाही. ‘हेवी डिपॉझिट’ देऊन बिनभाड्याने राहण्याच्या मुंबईतल्या पद्धतीत म्हणूनच सर्वांत मोठा धोका आहे, कारण कर्जात बुडालेल्या माणसाच्या हातात कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक गेलेली असते. ती परत मिळवायला पैशाचा दावा लावावा लागतो. सरफेसीच्या कलम १३(७) प्रमाणे लिलावाच्या पैशातून खर्च आणि बँकेचे देणे भागल्यावर उरलेली रक्कम हक्कदाराला मिळते. बहुधा तो मालकच असतो. त्या शिलकीवर जप्ती मागण्याचा मार्ग वकिलाशी वेळेत बोलला तरच हाती लागतो.

करार करण्याआधी बोजा तपासता येतो. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या नोंदींत आणि इंडेक्स टूमध्ये गहाणखत दिसते. मूळ कागद बँकेत ठेवून काढलेल्या कर्जाची सूचनाही महाराष्ट्रात २०१३ पासून नोंदवावी लागते. बँकांच्या तारणांची केंद्रीय नोंदवही, सेरसाई, २०११ पासून आहे आणि शुल्क भरून कोणीही त्यात शोध घेऊ शकतो. सोसायटीच्या कार्यालयातही विचारावे. घर गहाण आहे म्हणून ते घेऊच नये असे नाही, कारण शहरातली बहुतेक नवी घरे कर्जावरच घेतलेली असतात. अशा वेळी बँकेची लेखी संमती मागावी, डिपॉझिट कमी ठेवावे आणि बँकेची कोणतीही नोटीस मालकाने लगेच दाखवावी, अशी अट करारात लिहून घ्यावी.

नोटीस लागल्यानंतर मालकाने सगळे देणे फेडले तर कारवाई थांबते, पण कलम १३(८) प्रमाणे ही संधी जाहीर लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. मधल्या काळात भाडे थांबवू नये आणि रोखीने देऊ नये. बँकेने ते आपल्याकडे भरायला लेखी सांगितले तर पत्र जपून ठेवून पावती घ्यावी. ताबा घेतला गेलाच तर घरातले सामान गहाण नव्हते हे लक्षात ठेवून पंचनाम्यात प्रत्येक वस्तू लिहवून घ्यावी आणि त्याची प्रत मागावी. ज्या भाडेकरूचा हक्क टिकला आहे, त्याच्यासाठी लिलावात घर घेणारा हाच नवा मालक होतो. विक्रीची माहिती मिळेपर्यंत जुन्या मालकाला भरलेले भाडे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०९ प्रमाणे पुन्हा भरावे लागत नाही, आणि विक्रीपूर्वीचे थकलेले भाडे, वेगळा करार नसल्यास, नव्या मालकाला मागता येत नाही.